गाडी विकू नकोस, नाल्यावर बोल

चि. बाळा,

ग्रामसभेत हवामान बदलावर बोलायला उठलास, मागून कुणीतरी "आधी तुझी मोटारसायकल विक" म्हणून ओरडलं, सगळे हसले आणि तू खाली बसलास, असं कळलं. बसायला नको होतंस.

गाडी विकलीस तरी म्हणतील, बस काय पाण्यावर चालते? ज्याचे हात स्वच्छ त्यानंच बोलायचं ठरवलं, की सगळ्यांचीच तोंडं बंद. टोमणा मारणाऱ्याला तेवढंच हवं असतं. आणि हिशेबच करायचा तर आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. तेव्हा गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस. पण उसाचं पाचट? ते तुमच्याच रानात पेटतं, काडीही घरचीच. सरीत पसरलं तर ओल टिकेल, कुजून खत होईल. वडिलांशी हा वाद मात्र जरूर घाल.

"पूर पूर्वीही यायचे की," असं म्हातारी माणसं म्हणतात. खरंच आहे ते, खोडू नकोस. फक्त पुढचं सांग: हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, मग पाऊस कोसळतो तेव्हा जास्तच कोसळतो. बाष्प, कार्बन डायऑक्साइड असले वायू उष्णता अडवतात हे टिंडल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५९ मध्येच प्रयोगानं दाखवलं होतं. हवाई बेटावरच्या मौना लोआला १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. बास. सभेत याहून जास्त आकडे कुणी ऐकत नाही.

हवामान बदल उघड नाकारणाऱ्याची मला फारशी भीती वाटत नाही. आपल्या भागात दोष ढकलायला महाराष्ट्र-कर्नाटक सीमा तर तयारच असते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा फुगल्या, तेव्हा तिकडचे, महाराष्ट्रातले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवत होते, इकडचे तिकडच्या कोयना धरणाकडे. आता एक नवी सोय झालीय. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात गाळ, वर जलपर्णी, काठावर अतिक्रमण. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातात पाणी तुंबतं, आणि विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "हवामानच बदललंय, आम्ही काय करणार?" अरे, बदललंय हे पटलं असेल तर नाला आधीपेक्षा रुंद हवा ना? पाऊस वाढणार म्हणायचं आणि गाळ तसाच ठेवायचा, हा माणूस नाकारणाऱ्याचाच भाऊ. हा शहाणा दिसतो, म्हणून जास्त घातक.

पुढच्या सभेत पुन्हा उठ. हिमनद्यांपासून सुरुवात करू नकोस, निम्मे लोक तिथंच चहाला जातील. मिरगाच्या आधी गाळ काढायचा ठराव माग, कोण काढणार आणि कधीपर्यंत ते इतिवृत्तात लिहून घे. धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानातल्या, पेरणीची घाई सुरू झाली की कुणी भेटायचं नाही, त्याआधीच शेजारच्या बांधकऱ्यांच्या सह्या घे. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हींत दे, भाषेवरून परत पाठवायला निमित्त नको. कन्नड मसुदा आधी माझ्याकडे पाठव, प्रत्ययांत तू अजून घोळ घालतोस.

— सर