थ्रीडी प्रिंट केलेला नमुना तयार आहे, चीनमध्ये उत्पादन करून घ्यायचंय. भरवशाचा कारखाना कसा शोधू?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पुस्तकाला अडकवायच्या रिचार्जेबल दिव्याचा प्रिंट केलेला नमुना तुमच्याकडे आहे, पहिला लॉट ३००० नगांचा हवाय, आणि गोपनीयतेचा करार केला की कल्पना सुरक्षित राहील का, हेही विचारलंय. प्लास्टिकच्या वस्तूंचं डिझाइन साच्यापर्यंत नेणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

कारखाना शोधणं हा यातला सोपा भाग आहे. अलिबाबावर संध्याकाळभर बसलात तर वीस नावं मिळतील. ग्वांगझूला वर्षातून दोनदा कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथे गेलात तर शंभर मिळतील. अडचण वेगळीच आहे. आत्ता तुम्ही फोटो आणि एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटरला देतात ती) पाठवलीत तर दुसऱ्या दिवशी कोटेशन येईल, पण त्या आकड्याला काही अर्थ नसेल. प्लास्टिक कोणतं, बॅटरी कुणाची, क्लिप किती हजार वेळा उघडझाप सहन करायला हवी, यातलं काहीच तुम्ही सांगितलेलं नाही. जे तुम्ही ठरवलं नाही ते कारखाना ठरवतो, आणि स्वतःच्या सोयीने ठरवतो. बहुतेक वेळा त्यात लबाडीही नसते. कुणीतरी ठरवल्याशिवाय काम पुढे जात नाही, एवढंच. म्हणून कारखान्याआधी कागद.

पण कागदाच्याही आधी डिझाइन. प्रिंटरवर जमलं म्हणजे साच्यात जमेल असं नाही. प्रिंटर थरावर थर चढवतो, त्याला जवळपास काहीही चालतं. साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरतात, ते गार होतं, आकसतं आणि मग पिना त्याला बाहेर ढकलतात. म्हणून उभ्या भिंतींना निदान १ अंशाचा उतार लागतो, खरखरीत पोत हवा असेल तर ३ अंश किंवा त्याहून जास्त. भिंतीची जाडी सगळीकडे शक्य तितकी सारखी हवी. आतल्या रिबची (भिंतीला आधार देणाऱ्या पातळ पट्टीची) जाडी भिंतीच्या साधारण ६० टक्क्यांच्या आत ठेवायची. स्क्रूसाठी आत जाडजूड खांब दिलात तर त्याच्या मागे, बाहेरच्या गुळगुळीत अंगावर खळगा पडतो. त्याला सिंक मार्क म्हणतात. समोरून तो दिसत नाही, पण नग खिडकीजवळ तिरका धरला की उजेडाची रेघ तिथे वाकते. ग्राहकाला नाव माहीत नसतं, पण वस्तू स्वस्तातली आहे हे त्याला बरोबर कळतं.

मटेरियलही आत्ताच ठरवा. एबीएस प्लास्टिक गार होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलिन १ ते २ टक्के किंवा जास्तही. साचा त्या हिशोबाने कापलेला असतो, म्हणून 'आधी एबीएसमध्ये करू, नंतर बघू' हे चालत नाही.

आणि झाकण अडकवणारे ते छोटे हुक. तुमच्या दिव्यात सगळ्यात जास्त डोकेदुखी तेच देणार. साच्यातलं पोलाद नंतर आणखी कापता येतं, पण कापलेलं परत भरायचं तर वेल्डिंग करावं लागतं. ते महाग पडतं आणि पृष्ठभागावर डागही राहू शकतो. म्हणून हुक मुद्दाम थोडे लहान ठेवायचे. पहिल्या सॅम्पलला कारखान्यात टी-वन म्हणतात, त्यात झाकण किंचित सैल बसेल. ते बघून घाबरू नका, मुद्दाम तसं केलेलं असतं. मग पोलाद थोडं थोडं कापत 'टक्' असा आवाज येईपर्यंत घट्टपणा वाढवत न्यायचा. टी-वन हातात आलं की दोन भाग जुळतात त्या रेषेवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे फ्लॅश आहे, म्हणजे साच्याच्या फटीतून प्लास्टिक बाहेर आलंय. तो दुरुस्त झाल्याशिवाय सॅम्पल पास करायचं नाही.

कागद म्हणजे काय, तर स्टेप फाइल, म्हणजे नेमक्या मापांचं थ्रीडी मॉडेल (एसटीएलवरून साचा बनवणारा नीट काम करू शकत नाही), महत्त्वाच्या मापांवर टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) दिलेलं ड्रॉइंग, आणि प्रत्येक स्क्रूपर्यंत सगळ्या भागांची यादी. यादीत नुसतं 'एबीएस' लिहू नका, कंपनी आणि ग्रेड लिहा, आणि पुनर्वापराचा माल मिसळायला परवानगी आहे की नाही तेही. रंग पँटोन क्रमांकाने द्या, पोत व्हीडीआय ३४०० या पोतांच्या मानकातल्या क्रमांकाने. 'मॅट काळा' हे वर्णन दहा कारखाने दहा प्रकारे वाचतात. शेवटी पास झालेल्या सॅम्पलच्या तीन प्रती सही करून ठेवायच्या: एक तुमच्याकडे, एक कारखान्यात, एक तपासनिसासाठी. यालाच गोल्डन सॅम्पल म्हणतात, आणि वाद झाला की ईमेलपेक्षा हेच जास्त कामाला येतं.

तपासणीचे आकडे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. सगळीकडे चालणारी पद्धत आयएसओ २८५९-१ ची आहे. ३००० नगांच्या लॉटला सर्वसाधारण पातळी २ वर १२५ नग उचलून तपासतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (दोषांची चालवून घेण्याजोगी पातळी) २.५ धरलात तर ७ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ८ निघाले की नापास. धोकादायक दोषाला, म्हणजे बॅटरी तापणं किंवा तार उघडी राहणं, शून्य. पण 'मोठा दोष' कशाला म्हणायचं हे तुम्हीच लिहायचं असतं. ओरखडा किती लांब, किती अंतरावरून दिसला तर धरायचा, समोरच्या बाजूला की तळाला, सगळं. हे लिहिताना कंटाळा येतो, पण नाही लिहिलंत तर तपासनीस तिथे उभा राहून कारखान्याच्या माणसाशी वाद घालत बसतो आणि तुमचा दिवस जातो. तपासणी त्रयस्थ कंपनीकडून करून घ्या. पैसे साधारणपणे ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी असे देतात. ते ७० टक्के तपासणीचा रिपोर्ट वाचूनच सोडा. तुमच्याकडे खरा जोर आहे तो तेवढाच.

आता कराराचं. तुमच्या देशातला इंग्रजी गोपनीयता करार चिनी कारखाना हसत सही करून देईल, कारण तो मोडला तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. तिथे चालतो तो करार चिनी भाषेतला, चिनी कायद्याखालचा, तिथल्या कोर्टाचा उल्लेख असलेला, आणि कंपनीच्या नोंदणीकृत चिनी नावाचा गोल लाल शिक्का मारलेला असतो. त्यात गुप्तता तर असतेच, शिवाय कल्पना स्वतः न वापरणं आणि तुम्हाला वळसा घालून तुमच्या ग्राहकाकडे न जाणं हेही असतं. साचा कुणाच्या मालकीचा आणि मागितल्यावर किती दिवसांत मिळेल, हेही त्यातच घाला. ब्रँडचं नाव चीनमध्ये आधी नोंदवून टाका. तिथे मुळात आधी अर्ज करेल त्याचा ट्रेडमार्क, आधी कोण वापरत होतं याला फारसं महत्त्व नाही. पेटंट घ्यायचा विचार असेल तर वस्तू कुठेही दाखवण्याआधी अर्ज करा. पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर इतर सदस्य देशांत जायला १२ महिने मिळतात, डिझाइन आणि ट्रेडमार्कला ६.

वाहतुकीबद्दल थोडक्यात: ईएक्सडब्ल्यू (एक्स वर्क्स) भाव म्हणजे कारखान्याच्या दारातला, एफओबी म्हणजे तिथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा. दोन कोटेशनांची तुलना करताना दोन्ही एकाच अटीवर मागवा. लिथियम बॅटरी आहे, तेव्हा यूएन ३८.३ या बॅटरी वाहतुकीच्या सुरक्षा चाचणीचा सारांश सेल बनवणाऱ्याकडून आधीच घ्या, नाहीतर माल तयार होऊनही विमान कंपनी तो घेणार नाही. खोक्याचा आकारही आत्ताच बघा. हवाई मालात वजन आणि घनफळ यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात, आणि तुमच्या दिव्याची मान दुमडली नाही तर तुम्ही बरीचशी हवाच पाठवणार आहात.

वेळेचं गणित मात्र उलट्या बाजूने मांडा. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं. तेव्हा कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात, आणि गावी गेलेले सगळे कामगार परत येत नाहीत. परतल्यावर लाइनवर नवे हात असतात, म्हणून त्या पहिल्या लॉटची तपासणी मी नेहमीपेक्षा कडक लावतो. आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईत भरलेला माल, कारखान्याने कितीही आग्रह केला तरी, घेत नाही.