लिस्टिंगमध्ये बेसमेंटची भिंत दिसत नाही

ताई, तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या त्या घराची लिस्टिंग, म्हणजे विक्रीची जाहिरात, पाठवून विचारलंत, की पुण्यातूनच घर पक्कं करून टाकावं का, आणि वस्ती कशी आहे. मी इथे न्यू जर्सीत ११ वर्षं आहे. माझं ऐकाल तर कोणीतरी आपलं माणूस आत जाऊन आल्याशिवाय हो म्हणू नका.

लिस्टिंगमध्ये २.५ बाथ आहेत; त्यातला अर्धा म्हणजे कमोड आणि बेसिन, आंघोळीची सोय नाही. प्लॉट ०.२५ एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. गवत तुम्हालाच कापायचंय, आणि बहुतेक गावांत घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फही घरमालकानेच काढायचा. प्रॉपर्टी टॅक्सची ओळ नीट बघा. तो सरासरी देशात सगळ्यात जास्त न्यू जर्सीतच आहे, आणि बहुतेकदा कर्जाच्या हप्त्यासोबतच जातो.

घर १९६२चं आहे. १९७८ च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, आणि विकणाऱ्याला त्याबद्दल जे माहीत असेल ते लेखी द्यावं लागतं. तुमची मुलगी लहान आहे, तो कागद मागून घ्याच. घर तापवायला आता गॅस असला तरी पूर्वीची तेलाची टाकी अंगणात पुरलेली नाही ना, हे तपासून घ्या. ती गळत असेल तर माती साफ करायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

आता बेसमेंट. आम्ही आमचं घर कोरड्या मे महिन्यात पाहिलं. भिंतींना ताजा पांढरा रंग होता, आणि मी स्वयंपाकघरच बघत राहिले. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस झाला आणि रात्री खाली घोटाभर पाणी. आईच्या हातची पाककृतींची वही खोक्यात होती. पानं सुटी करून दोरीवर वाळवली, पण शाई धुऊन गेली होती. विम्याने काही दिलं नाही, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

तेव्हापासून कोणाचंही घर बघायला गेले की मी आधी बेसमेंटमधल्या वॉटर हीटरच्या मागे वाकून बघते. तिथे कोणी रंग लावत नाही. हीटरच्या पायांना गंज, भिंतीवर मिठासारखा भुरा थर दिसला, की पाणी येऊन गेलंय हे समजायचं. फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती-संस्थेचा, पूरनकाशा पत्ता टाकून फुकट बघता येतो. शिवाय २०२४ पासून इथे विकणाऱ्याला पुराबद्दल लेखी सांगावंच लागतं.

वस्तीत आपली माणसं किती, हे एजंटला विचारू नका. घर विकताना वंश-धर्मावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे तो त्यावर बोलणार नाही. एडिसनमध्ये भारतीय भरपूर आहेत, त्याची काळजी नको. शाळेची मात्र करा. शाळा पत्त्यावरून ठरते आणि एकट्या एडिसनमध्ये दोन सरकारी हायस्कुलं आहेत, म्हणून पूर्ण पत्ता देऊन शाळेच्या कार्यालयातच विचारा. न्यूयॉर्कची गाडी एडिसन आणि मेट्रोपार्क, दोन्हीकडून मिळते. पण सासूबाई येणार म्हणताय, तर घरापासून चालायला फुटपाथ आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ गल्ल्यांत नसतो.

पूर्ण पत्ता पाठवा. शनिवारी पाऊस सांगितलाय, मी एजंटची वेळ घेऊन जाते आणि हीटरच्या मागचा फोटो तुम्हाला पाठवते.