विशेष शाळेसाठी मॉड्यूलर वर्गखोल्या

प्रश्न : सिंहगड रस्त्याच्या परिसरात आमची बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या मुलांची शाळा आहे. सध्याची इमारत अपुरी पडते. मागच्या आवारात कारखान्यात तयार झालेल्या पोलादी मॉड्यूलर खोल्या बसवाव्यात, असा प्रस्ताव एका व्यावसायिकाने दिला आहे. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण होईल आणि बांधकाम तात्पुरते असल्यामुळे परवानगी लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही होकार द्यावा का?
— एक विश्वस्त, पुणे

उत्तर : पद्धत आपल्या शाळेसाठी योग्य आहे, परवानगीबाबतचे विधान मात्र मान्य करू नये.

स्वमग्न मुलांना अनपेक्षित आवाज आणि रोजच्या क्रमातील बदल किती त्रासदायक होतात, हे आपण जाणताच. विटा-सिमेंटचे बांधकाम वर्षभर खिडकीबाहेर चालू राहण्यापेक्षा बहुतेक काम कारखान्यात होऊन आवारात केवळ पाया आणि जोडणी उरणे, हा या मुलांच्या दृष्टीने फार मोठा लाभ आहे. परंतु या पद्धतीत निर्णय आधीच घ्यावे लागतात. चौकट एकदा वेल्ड झाली आणि नळ, वायरिंग भिंतीच्या आत गेले, की दरवाजा सरकवणे किंवा शौचालय मोठे करणे कठीण आणि खर्चिक होते. म्हणून आराखड्यावर सही करण्यापूर्वी तो आपल्या विशेष शिक्षकांना, थेरपिस्टना आणि मुलांना शौचालयात नेणाऱ्या मदतनीस ताईंनाही दाखवावा.

सर्वाधिक काळजी आवाजाची घ्यावी, कारण कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख सहसा नसतो. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि उघड्या पत्र्यावर सर कोसळू लागली की खालच्या वर्गात शिक्षकांचा शब्द ऐकू येत नाही. आवाजाला संवेदनशील असलेले मूल तर कान झाकून बसते. त्यासाठी पत्र्याखाली रॉकवूलसारख्या जड तंतुमय पदार्थाचा थर, मध्ये पोकळी आणि खाली आवाज शोषणारे छत हवे. पत्र्याच्या कठीण, सपाट भिंतींमुळे खोलीत आवाज घुमतो, तोही आवरावा लागतो. ब्रिटनमधील शाळांच्या निकषांनुसार नव्या प्राथमिक वर्गातील निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत घुमत राहण्याचा वेळ, ०.६ सेकंदांपर्यंत चालतो, तर ऐकण्याच्या व संवादाच्या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गासाठी ती मर्यादा ०.४ सेकंद आहे. हा आकडा करारात लिहून घ्यावा आणि ताबा घेताना मोजून पाहावा. तंतुमय थर उष्णताही अडवतो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात खोली तापण्याचे प्रमाणही कमी होते.

मॉड्यूलच्या तळाखाली पोलादी चौकट असल्याने जमीन उंचावते, आणि इथेच रॅम्पचा प्रश्न येतो. जोता ४५० मिलिमीटर उंच असेल, तर १:१२ उतारासाठी (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) ५.४ मीटर लांबी लागते. दोन्ही टोकांना दीड मीटरची सपाट जागा धरल्यास ८.४ मीटर. एवढी जागा आवारात आहे का, हे खोल्यांची संख्या ठरवण्याआधी पाहावे. दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी आणि व्हीलचेअर वळवण्यासाठी आत दीड मीटर व्यासाची जागा राहावी. शौचालयात मुलाबरोबर मोठी व्यक्तीही असते, हे नकाशा काढणारे नेहमी विसरतात. मोठ्या मुलाचे कपडे बदलण्यासाठी तिथे बाकही हवे.

आगीबाबत तडजोड नको. २००४ साली तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेचे गवती छप्पर पेटून ९४ मुलांचा बळी गेला. पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा थर्मोकोल भरलेले पॅनेल स्वस्त पडते, पण आतला फोम पेटतो आणि विषारी धूर होतो. म्हणून रॉकवूल भरलेलेच पॅनेल घ्यावे. ज्या मुलांना धोक्याची घंटा समजत नाही किंवा स्वतःहून चालता येत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक वर्गाला थेट बाहेर उघडणारा दुसरा दरवाजा असावा.

आता परवानगी. खोल्या उचलून नेता येतात म्हणून त्या नियमांच्या कक्षेबाहेर जात नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगीच देता येत नाही. नोंदणीकृत वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे अर्ज करावा आणि मंजुरी हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये. पाया काळ्या मातीत येत असेल, तर मातीची तपासणीही करून घ्यावी. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मॉड्यूलचे सांधे उघडतात.

शेवटची बाब रस्त्याची. मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू वाहनाची रुंदी साधारणतः २.६ मीटरपर्यंतच चालते. त्याहून रुंद मॉड्यूलसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. शिवाय ट्रेलर आणि क्रेन आपल्या गल्लीत वळली पाहिजे आणि वर विजेच्या तारा नसाव्यात. तसे शक्य नसेल, तर सुटी पॅनेल आणून आवारातच जोडणी करता येते, पण त्याला वेळ अधिक लागतो; म्हणून काम एका सुट्टीत बसते का, हे त्या व्यावसायिकाला जागा प्रत्यक्ष दाखवून पुन्हा विचारावे.