मॅन्युअल की ऑटो?

प्रश्न : ताई, नवा कॅमेरा घेतलाय. मामा म्हणतात, मॅन्युअलवरच शीक, सगळं स्वतः ठरव. मैत्रीण म्हणते, ऑटो बरा. कुणाचं ऐकू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : सध्या कुणाचंच नको. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लाव (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तू ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जा. जलेबा तळणाऱ्याचा हात पुसट येतोय? छिद्राचा आकडा एफ/८ वर असेल तर झूम न करता एफ/४ कर, म्हणजे छिद्र मोठं होतं. उजेड चौपट येतो, शटरही चौपट वेगानं पडतं. १/१२५ सेकंद मिळेपर्यंत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढव, अगदी ३२०० पर्यंत. त्यामुळे फोटोत दाणे दिसले तरी चालतील, हललेला हात मात्र नंतर दुरुस्त होत नाही! मामांचं मॅन्युअल उजेड स्थिर असतो तिथे कामाचं. कृष्णपुरा छत्र्यांवर भरदुपारी जरूर करून बघ.