जुन्या मारुती ८०० चं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग बदलायचंय, पण नट हलतच नाहीत. काय करू?

आधी पान्याला पाइप लावून लोंबकळणं थांबवा. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला की खरा ताप सुरू होतो, कारण तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड (वरचा भाग) मऊ अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे तेल आट्यांत उतरतं. सहा कोनी गोटीच (सॉकेट) वापरा, बारा कोनीने कडा गोल होतात. आणि पहिल्यांदा सोडवू नका, किंचित आवळा! गंजाची पकड तिथेच तुटते. मग पाव फेरा पुढे, थोडा मागे, असं करत काढा. चरचर आवाज आला की थांबून पुन्हा तेल.

तरीही नाही? गॅस टॉर्चने फक्त नट तापवा. आधी तेल पुसा, पेट्रोलच्या नळ्या दूर ठेवा, बॅटरीची वायर काढा. सोलापूरच्या मे महिन्यात हे काम सकाळीच उरका, दुपारी बॉनेटखाली हात घालवत नाही.

स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून घ्या. त्या उष्णतेनेच तो बहुतेकदा सुटतो. घरी ड्रिल चालवू नका. मी चालवलं होतं, भोक तिरकं गेलं आणि हेड लेथवाल्याकडे न्यावं लागलं.