बीटी लावूनही बोंडअळी का? पोळ्याआधी आलेल्या प्रश्नांची उत्तरं

या पंधरवड्यात आलेल्या फोनांपैकी निम्म्याहून जास्त कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे होते. प्रश्न तेच ते असल्यामुळे इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: साहेब, बियाणं पक्क्या पावतीचं, बीजी-टू आहे. तरी डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून बांधलेली मिटकी फुलं, दिसताहेत. बियाणं बोगस निघालं का?

भाऊ, तुमच्याकडे पावती आहे, लॉट नंबर आहे, तर बियाण्यावर संशय घेण्याआधी अळीकडे बघा. अळी बदलली आहे. २००२ मध्ये बीटी आलं तेव्हा त्यात अळीला मारणारं एकच प्रथिन होतं. २००६ मध्ये दुसरं जोडून बीजी-टू आलं. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी अळी सापडल्याचं जाहीर झालं, पुढच्या चार-पाच वर्षांत तिनं दुसरंही पचवलं, आणि २०१७ साली आपल्याकडे काय झालं ते तुम्ही स्वतः वेचलंय. पोतीच्या पोती कवडी, म्हणजे किडका कापूस.

हे कसं घडलं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच बीटी पचवणारी असते. बाकीच्या मरतात, ती उरते. एवढ्यानं बिघडत नाही. ही ताकद आई आणि बाप दोघांकडून आली तरच पोर तगतं, एकाकडूनच आली तर ते बीटीवर मरतं. म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. त्या ओळींवर वाढलेले साधे पतंग तगलेल्या पतंगांशी जुळावेत आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, एवढाच तिचा उपयोग. ती पुडी किती जणांनी लावली? मी ती गोठ्याच्या आढ्याला खोचलेली पाहिली, उकिरड्यावर पाहिली. काही पाकिटांत तर तूर यायची. तूर हिरव्या बोंडअळीसाठी ठीक, गुलाबीला तिचा काडीचा उपयोग नाही.

फरक इथेच आहे. हिरवी अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवरही जगते. तिथून तिचे साधे पतंग दरवर्षी येत राहतात, म्हणून बीटी तिला अजून बऱ्यापैकी आवरतं. गुलाबीला आपल्या शिवारात कापसाशिवाय घर नाही, आणि कापूस तर बांधापासून बांधापर्यंत बीटी. त्यात आपलं वाण संकरित. त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात, काहींत दोन्ही प्रथिनं, काहींत एकच, तर काहींत एकही नाही. म्हणजे अळीला एकाच बोंडात विष पचवायची तालीम मिळाली. आता नॉन-बीटी बी पाकिटात मिसळूनच येतं. ते वेगळं काढायच्या भानगडीत पडू नका, आणि कुणी "चोर बीटी", म्हणजे विनापरवाना बियाणं, स्वस्तात देतो म्हणाला तर हात लावू नका.

प्रश्न: दुकानदारानं तीन औषधं एकत्र दिलीत, वर टॉनिक. म्हणतो अळी कडक आहे, डोस दीडपट घ्या. फवारू का?

नाही. पुन्हा सांगतो, नाही.

एक हिरवं बोंड हातात घ्या, साधारण पंधरा दिवसांचं. वरून निरोगी दिसेल, छिद्रही नसेल. फोडा. पाकळीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखी खूण आणि सरकीत तोंड खुपसलेली अळी. लहान असेल तर पांढरी, डोकं काळपट, मोठी झाली की गुलाबी. तुमचं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. दीडपट घाला, दुप्पट घाला, बोंडाचं कवच तेच राहतं. अंड्यातून निघालेली अळी पातीत (फुलाच्या कळीत) किंवा बोंडात शिरायच्या आत सापडली तरच मरते. म्हणजे प्रश्न वेळेचा आहे, डोसाचा नाही. वाढीव डोसानं मरतात त्या ढालकिडी, मरतो क्रायसोपा, हे दोन्ही आपले मित्रकीटक, आणि आजारी पडतो पंप पाठीवर घेणारा माणूस. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली. डब्यात हात घालून औषधं एकमेकांत कालवली जात होती. त्यानंतरही मला बांधावर तेच मिश्रण दिसतं, चिठ्ठी नाही, बिल नाही, फक्त "साहेबांनी सांगितलं" म्हणजे दुकानदारानं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं औषध फवारू नका. दुकानात ते पुढे ठेवलेलं असतं, कारण पतंग पटकन खाली पडलेले दिसतात. दोन आठवड्यांनी पांढरी माशी उसळते आणि त्याच दुकानात तुम्ही दुसऱ्यांदा जाता. आत्ता पाच टक्के निंबोळी अर्क. नुकसानीची पातळी (खाली सापळ्यांच्या उत्तरात आहे) ओलांडली तरच रासायनिक, एका वेळी एकच, उदाहरणार्थ इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम. पुढची फवारणी लागलीच तर औषधाचा गट बदला. तेच औषध पुन्हा पुन्हा मारणं म्हणजे बीटीचं केलं तेच औषधाचं करणं.

प्रश्न: कामगंध सापळे लावले, पण पतंगच येत नाहीत.

ल्युअर, म्हणजे सापळ्यातली पतंगाला ओढणारी वासाची वडी, कुठला लावलाय ते बघा. परवा एका शेतात आठ सापळे, आठही हेलील्युअर. तो हिरव्या अळीचा. गुलाबीसाठी गॉसिप्ल्युअर मागा आणि पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या. एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर, ल्युअर तीन आठवड्यांनी बदला. सलग तीन रात्री सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग आले, तर फवारणीचा विचार करा. सोबत एकरात फिरून २० हिरवी बोंडं तोडा नि फोडा. दोनमध्ये अळी निघाली म्हणजे दहा टक्के. याखाली असाल तर पंप घरातच ठेवा. डोमकळ्या दिसतील तेवढ्या तोडून जाळा. तोडून बांधावर टाकणं म्हणजे न तोडल्यासारखंच.

प्रश्न: ओलिताची सोय आहे. दिवाळीनंतर भाव वाढतो म्हणतात. फरदड ठेवली तर?

मी याच एका गोष्टीसाठी दहा वर्षं गावोगाव भांडतोय. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस, ठेवू नका. वीस प्रकारचे उपाय एका बाजूला आणि डिसेंबरअखेर शेत रिकामं करणं एका बाजूला.

या अळीची पिढी साधारण महिन्याभरात उलटते. डिसेंबरात बोंडात बसलेली अळी ही जूनपासूनच्या बीटीतून आणि तुमच्या सगळ्या फवारण्यांतून वाचलेल्यांची पोरं. सगळ्यात चिवट. तिला फरदडीत मार्चपर्यंत जेवू घालायचं, मग ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात झोपते, आणि पावसाळ्याबरोबर उठून तुमच्याच पहिल्या पात्यांवर येते. शेत रिकामं असलं आणि पेरणी जूनमध्ये पावसावर झाली, तर उठलेल्या बऱ्याच पतंगांना पाती मिळत नाही आणि ते अंडी न घालताच मरतात. म्हणून मे महिन्यातली ओलिताची लागवडही नको. ज्यांनी केली त्यांच्या शेतात आज डोमकळ्या जास्त आहेत, जाऊन मोजा.

अमेरिकेनं २०१८ मध्ये ही अळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. शंभर वर्षं त्यांनाही तिनं छळलं होतं. त्यांनी नॉन-बीटीच्या ओळी पाळल्या, नपुंसक पतंग सोडले, पीक वेळेत मोडलं. नपुंसक पतंग आपल्या हातात नाहीत. पीक मोडणं आहे. जनावरं सोडा, मेंढ्या बसवा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) श्रेडरनं बारीक करा. सरपणाला म्हणून त्या गोठ्यामागे रचून ठेवल्या की पुढच्या हंगामाचं बियाणं अळीनं तिथेच साठवलं समजा. आणि हे एकट्यानं करून भागत नाही, शेजाऱ्याची फरदड असेल तर त्याला माझ्याकडे घेऊन या, मी बोलतो.

प्रश्न: सापळ्यांना, श्रेडरला अनुदान आहे का?

श्रेडरसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, सापळे-ल्युअरचा साठा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) असेल तसा मिळेल. बियाण्याची तक्रार तालुका समितीकडे लेखी, पावतीसह.

पुढच्या वेळी फोन करण्याआधी २० बोंडं फोडा. "अळी लई आहे" म्हणून मला काही सांगता येत नाही. विसातली किती निघाली, तो आकडा आणि आजवर काय फवारलं ते घेऊन फोन करा.