फर्निचरनंतरची पहिली गिटार: आधी हवेतली ओल, मग लाकूड

आपले स्वागत आहे. आपण लिहिले आहे की गेली काही वर्षे आपण पुण्यातील घरच्या गच्चीवरील खोलीत सागवानी फर्निचर बनवता, हातरंधे, पटाश्या आणि लहान बँडसॉ आपल्याकडे आहेत, आणि आता स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार बांधण्याची इच्छा आहे. आपले प्रश्न तीन आहेत. फर्निचरचे कौशल्य या कामाला पुरेल का, जुन्या वाड्याच्या तुळयांमधून मिळालेल्या सागवानातून संपूर्ण गिटार करता येईल का, आणि तयार किट घ्यावे की सर्व भाग स्वतः घडवावेत? यांखेरीज गणपतीच्या सुट्टीत सुरुवात करून दिवाळीपर्यंत तारा चढवण्याचा आपला बेत आहे. कौशल्य पुरेल, याविषयी मला शंका नाही. बेत मात्र बदलावा असे मी आग्रहाने सांगेन, आणि म्हणून उत्तराची सुरुवात आपण न विचारलेल्या गोष्टीपासून करतो.

फर्निचर करताना आपण लाकडाला फुगायला आणि आकसायला जागा ठेवतो. दाराच्या चौकटीतील फळी खाचेत मोकळी बसवतो आणि टेबलाचा माथा सरकत्या पट्ट्यांवर धरतो. गिटारमध्ये ही सवलत नसते. तीन मिलिमीटरहून कमी जाडीच्या पाठीवर आडव्या आधारपट्ट्या कायमच्या चिकटवायच्या असतात, वरच्या तबलीवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या पातळ फळीवर, ब्रिज (तारा अडकवण्याचा तुकडा) लाकडाच्या रेषांना आडवा चिकटवायचा असतो, आणि या दोन्हींच्या कडा बाजूपट्ट्यांना चहूबाजूंनी जखडायच्या असतात. तबलीसाठी वापरले जाणारे स्प्रूसचे लाकूड रेषांना आडव्या दिशेने, त्यातील ओल एका टक्क्याने बदलली की साधारण ०.१५ टक्का फुगते किंवा आकसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना लाकडातील ओल १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते आणि हवा २५ टक्क्यांवर आली की ती पाच-सहा टक्क्यांवर उतरते. म्हणजे फरक दहा टक्क्यांचा झाला, आणि ४०० मिलिमीटर रुंद तबलीच्या हिशेबाने तो सहा मिलिमीटर भरतो. भाद्रपदातल्या पुण्याच्या हवेत चिकटवलेली तबली एप्रिलच्या दुपारी सहा मिलिमीटर आकसू पाहील, पण तिला आकसू दिले जाणार नाही. अशा वेळी ती प्रथम आत खचते, तारा फ्रेटवर, म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासू लागतात, आणि पुढे तबली किंवा पाठ रेषेवरच उभी तडकते. पाठीच्या पट्ट्या तर पूर्णपणे आडव्या असल्यामुळे पाठ अनेकदा आधी तडकते.

उलट दिशेचा त्रास त्यामानाने सौम्य असतो. ४५ टक्क्यांच्या आसपास बांधलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते, तबली वर येते, तारा बोटांना उंच लागतात. सॅडल (ब्रिजवरची, तारांखालची पट्टी) बदलून किंवा वाद्य त्याच्या खोक्यात ठेवून ते निभावते. म्हणून जगभरातील गिटारकार आधारपट्ट्या चिकटवण्याचे आणि गिटारची पोकळ पेटी बंद करण्याचे काम ४० ते ५० टक्के आर्द्रतेतच करतात. आपल्याकडे घाटमाथ्यावर ही हवा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बऱ्याच दिवशी आपोआप मिळते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना मात्र वर्षातील बहुतेक काळ वातानुकूलित खोली किंवा आर्द्रता कमी करणारे यंत्र वापरण्यावाचून पर्याय नाही.

त्यामुळे पहिली खरेदी करवतीची नव्हे, आर्द्रतामापकाची करावी. स्वस्त मापक दहा-पंधरा टक्क्यांनीही चुकू शकते, तेव्हा त्याची परीक्षा घ्यावी. मीठ जेमतेम पाण्याने चिखलासारखे ओले करून एका वाटीत घ्यावे, ती वाटी आणि मापक झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. जो फरक दिसेल तो मापकावरच लिहून ठेवावा. लाकूड साठवण्यासाठी प्लायवूडचे लहान कपाट करून त्यात जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब लाकडापासून पुरेसा दूर लावला तरी चालते, कारण हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते: २७ अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांवर नेली तर ती ४५ टक्क्यांच्या जवळ येते. लाकूड स्थिरावले की नाही हे ओळखण्यासाठी तबलीच्या लाकडाचा एक तुकडा त्याच कपाटात ठेवून स्वयंपाकघरातील काट्यावर रोज तोलावा. वजन सलग काही दिवस बदलले नाही, म्हणजे लाकूड तयार आहे.

आता कौशल्याविषयी. आपल्या हाताला नेमके सांधे जमतात हे आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून दिसते आहे, आणि गिटारमधील सांधे त्याहून अवघड नसतात. अवघड असते ते भक्कमपणाची सवय सोडणे. साध्या हलक्या संचातील सहा तारा सुरात आणल्यावर एकूण ७० ते ७५ किलोचा ताण देतात, हा आकडा वाचून प्रत्येक फर्निचरकाराचा हात जाडीकडे वळतो. परिणामी पहिली गिटार बहुधा मजबूत, जड आणि मुकी निघते. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तबली ३ मिलिमीटरवरून २.७ वर आणली तर ताठरपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो. आधारपट्टीची उंची १५ वरून १२ केली तर तो जवळपास निम्मा होतो. म्हणजे रंध्याच्या चार हातांत वाद्याचा स्वभाव बदलतो, आणि म्हणूनच येथे अंदाजाने काम होत नाही. तबलीच्या मधोमध जाडी मोजता येईल असा खोल जबड्याचा कॅलिपर हवाच. सिट्का स्प्रूसच्या तबलीसाठी मध्यभागी २.८ आणि कडेला २.५ मिलिमीटर, पाठीसाठी २.५, बाजूपट्ट्यांसाठी २.१ च्या आसपास, हे पहिल्या वाद्यासाठी समंजस आकडे आहेत. आतल्या मुख्य दोन पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या असाव्यात. मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकात रुळवलेली ही रचना स्टीलच्या तारांना आजही सर्वांत सोयीची ठरते. पट्ट्या आठ मिलिमीटर रुंद असाव्यात, त्यांच्या रेषा तबलीला काटकोनात उभ्या असाव्यात, आणि शक्य तर करवतीने कापण्याऐवजी पटाशीने चिरून काढाव्यात, म्हणजे रेषा मध्येच तुटत नाहीत. तबलीवर टिचकी मारून विशिष्ट सूर शोधण्याबद्दल आपण पुष्कळ वाचाल. पहिल्या वाद्याला त्याचा फारसा उपयोग नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तुलनेसाठी दुसरी तबली हाताशी असल्याशिवाय कानाला कशाचाच संदर्भ मिळत नाही.

सागवानाचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे आहे. तबली सागवानाची करू नये. सागवान आणि स्प्रूस यांचा ताठरपणा जवळपास सारखा असला तरी सागवान सुमारे दीडपट जड भरते, आणि तबलीसाठी वजनाच्या मानाने ताठरपणा हाच निकष असतो. आवाजाचा मोठा वाटा तबलीचा असतो हे स्पॅनिश गिटारकार आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून दाखवून दिले. ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा खर्च करायचा तो आयात केलेल्या चांगल्या स्प्रूसवर करावा. त्याच्या रेषा उभ्या असाव्यात, त्यात गाठ नसावी आणि त्याच्या दोन फळ्या एकाच तुकड्यातून चिरून पुस्तकासारख्या उघडलेल्या असाव्यात. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन कितीही स्वच्छ दिसले तरी घेऊ नये.

पाठ, बाजू आणि नेक (दांडी) यांसाठी मात्र वाड्याचे सागवान उत्तम आहे. इतक्या वर्षांत ते पूर्ण वाळलेले असते आणि आकाराला विश्वासू असते. बँडसॉवर घेण्याआधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधावेत, आणि सागवान तेलकट असल्यामुळे गोंद लावण्याच्या ऐन आधी पृष्ठभागावर रंधा फिरवून ॲसिटोनने पुसून घ्यावे. फिंगरबोर्ड (दांडीवरची, बोटे दाबायची पट्टी) आणि ब्रिज शिसवीचे करावेत. वखारीत शिसम म्हणून दोन वेगळी लाकडे दाखवली जातात, त्यांपैकी गर्द जांभळट तपकिरी ती आपल्याला हवी. ब्राझीलच्या रोजवूडची आवक आटल्यावर १९६९ मध्ये मार्टिनने हीच भारतीय शिसवी स्वीकारली आणि पुढे तिचा वापर जगभर वाढला, इतके ते भरवशाचे लाकूड आहे. तून नावाचे लाकूड मिळाले तर तेही विचारात घ्यावे. ते महोगनीच्याच कुळातले असून हलके असते आणि सतार-तंबोऱ्याच्या कामात मुरलेले आहे. सुट्टीत एक दिवस मिरजेला जाऊन आला तर तबली किती पातळ ठेवतात आणि ती हाताने कशी पारखतात हे प्रत्यक्ष पाहता येईल. गिटारची रचना वेगळी असली तरी त्या कारागिरांचा हलका हात पाहण्यासारखा आहे.

किटविषयी मी मधला मार्ग सुचवतो. फ्रेटच्या खाचा पाडलेला फिंगरबोर्ड, दांडीचा बाक सुधारणारा, दोन्ही दिशांना फिरणारा ट्रस रॉड आणि फ्रेटची तार विकत घ्यावी, बाकीचे स्वतः करावे. खाचा स्वतः पाडायच्याच असतील तर नट (तारांच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल या तारेच्या ६४५ मिलिमीटर लांबीला १७.८१७ ने भागून पहिला फ्रेट नटपासून ३६.२ मिलिमीटरवर येतो, आणि पुढचे सर्व फ्रेट नटपासूनच मोजावेत. आधीच्या फ्रेटपासून मोजले तर प्रत्येक चूक पुढच्याच्या खात्यात जमा होत जाते. नेक बोल्टने बसवावी, म्हणजे तिचा कोन पुन्हा दुरुस्त करता येतो. गोंद म्हणून नेहमीचा पांढरा फर्निचरचा गोंद टाळावा, कारण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. पिवळा ॲलिफॅटिक गोंद कडक होतो आणि पुढे ब्रिज काढायची वेळ आली तर उष्णतेने सुटतोही. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस उत्कृष्टच, पण त्याला वेगळा सराव लागतो. शंभर क्लॅम्प विकत घेण्याची गरज नाही. आधारपट्ट्या दाबण्यासाठी वर-खाली दोन फळ्यांच्या सांगाड्यात बांबूच्या कामट्या वाकवून बसवल्या की पुरेसा दाब मिळतो, आणि बाजूपट्टीच्या आतील कडेची, सांधा रुंद करणारी खाचा पाडलेली पट्टी कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनीही धरता येते.

गणपतीची सुट्टी वाया जाणार नाही. बाहेरचा साचा प्लायवूडचा करावा. तबली आणि पाठ दोन्ही सपाट नसतात; साधारण ८.५ आणि ४.६ मीटर त्रिज्येचा उथळ फुगवटा त्यांना द्यावा लागतो, म्हणजे ४०० मिलिमीटर रुंदीवर अनुक्रमे सव्वादोन आणि सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास. त्यासाठी लागणाऱ्या दोन खोलगट पाटांचे काम याच दिवसांत उरकावे. बाजूपट्ट्या वाकवण्याचा सरावही पावसाळ्यात बिनधास्त करता येतो. दोन इंच व्यासाची जाड लोखंडी नळी वाईसमध्ये धरून आतून गॅसच्या बर्नरने तापवावी, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचू लागला की पट्टी किंचित ओली करून कमरेच्या वळणापासून सुरुवात करावी, आणि लाकूड हाताखाली स्वतःहून सैल पडेपर्यंत जोर लावू नये. सागवान शिसवीइतके सहज वाकत नाही, म्हणून आधी टाकाऊ पट्ट्यांवर हात बसवावा. वाकवलेल्या पट्ट्या साच्यात घट्ट धरून कपाटात ठेवाव्यात, स्प्रूस आणि आधारपट्ट्यांचे लाकूडही तिथेच रचावे. दिवाळीनंतर आपल्या तोललेल्या तुकड्याचे वजन स्थिर झाले आणि खोलीतील मापक सलग आठवडाभर पन्नासच्या खाली राहिले, की तबलीची जाडी आणि वजन येथे कळवावे. त्यावरून आपल्या फुलीच्या पट्ट्या किती उंच ठेवायच्या ते ठरवता येईल.